मोजणारे आणि भोगणारे

उल्हासनगरातील वस्त्यांस आजही 'कॅम्प' म्हणतात. कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असा पत्ता सांगणाऱ्या तेथील रहिवाशांस त्या शब्दाचे मूळ क्वचितच आठवत असेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे तो शब्द उच्चारताच दुसरे महायुद्ध उभे राहते. कल्याणजवळच्या या माळावर इंग्रज सरकारने त्या युद्धात सैनिकांच्या तात्पुरत्या वस्तीसाठी बराकी उभारल्या. १९४५ च्या ऑगस्ट महिन्यात, ६ व ९ या तारखांस, हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले, युद्ध संपले, आणि बराकींचे प्रयोजन सरले. पुढे दोन वर्षांत फाळणी झाली. सिंधमधील घरदार सोडून आलेली कुटुंबे याच बराकींत राहावयास आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या नव्या शहराचा पाया घातला गेला. एका अरिष्टासाठी बांधलेली घरे अशा रीतीने दुसऱ्या अरिष्टाने भरली.

ज्या अस्त्राने त्या युद्धाचा शेवट झाला, त्याचे दोन हात होते. एक हात उष्णतेचा व स्फोटाचा. तो डोळ्यांस दिसला व कानांस ऐकू आला. दुसरा हात किरणोत्सर्गाचा. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. अंगावरून तो फिरून गेला तरी माणसास त्याचा स्पर्श कळत नाही. हाच दुसरा हात पहिल्यापासून सुटा करून त्याचेच अस्त्र बनवावे, ही कल्पना अणुबाँबहूनही थोडी जुनी आहे. अशा अस्त्रात अणुस्फोट नसतो. साध्या सुरुंगाच्या दारूने उडवून, पाण्यात वा अन्नात मिसळून, किंवा एखाद्या गर्दीच्या जागी नुसते लपवून ठेवून किरणोत्सारी द्रव्य माणसांपर्यंत पोचवावयाचे, एवढेच त्याचे तंत्र. अशा अस्त्रापासून आरोग्यास धोका किती, आणि तशा अस्त्रावाचूनही ज्या अल्प किरणोत्सर्गात आपण वावरतो त्याचा धोका किती, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे शास्त्रज्ञ सोडवीत आहेत. त्या प्रयत्नांचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. तो वाचताना आम्हांस एक गोष्ट पुनःपुन्हा जाणवली. या इतिहासात मोजणारे लोक निराळे आणि भोगणारे लोक निराळे आहेत. धोक्याचे माप जेव्हा जेव्हा चुकले, तेव्हा त्याच्या मुळाशी बहुधा या दोहोंमधील अंतर होते.

आरंभी मात्र हे अंतर नव्हते. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञास क्ष-किरणांचा शोध लागला. १८९६ त बेकरेल यास युरेनियमचा गुण कळला. १८९८ त क्युरी दांपत्याने रेडियम शोधून काढले. या किरणांचे पहिले बळी प्रयोगशाळेतलेच लोक होते. एडिसनचा एक सहायक क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करता करता हातांस व्रण पडून, हात कापावे लागून, १९०४ त मरण पावला. मारी क्युरी १९३४ त ज्या रक्तक्षयाने वारल्या, त्याचा संबंध त्यांच्या आयुष्यभराच्या कामाशी जोडला जातो. येथे मोजणारा तोच भोगणारा होता. आपल्या जिज्ञासेचे मोल तो आपल्याच शरीराने देत होता.

पुढे रेडियम बाजारात आले आणि ही स्थिती पालटली. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रंगविण्यासाठी अमेरिकेत न्यू जर्सी व इलिनॉय प्रांतांतील कारखान्यांत तरुण मुली कामास ठेवल्या जात. कुंचल्यास टोक यावे म्हणून तो ओठांत धरावयाचा, अशी त्यांस शिकवण असे. रेडियम शरीरात गेले की चुन्याप्रमाणे हाडांत जाऊन बसते. १९२० च्या दशकात या मुलींचे जबडे सडू लागले, हाडे मोडू लागली. कारखान्यांतील रसायनशास्त्रज्ञ मात्र रेडियम हाताळताना आडोसा व चिमटे वापरीत होते! १९२८ त न्यू जर्सीतील पाच जणींच्या दाव्यात तडजोड झाली, आणि प्रकरण जगापुढे आले. माणसाच्या शरीरात रेडियम किती असले तर चालेल याची मर्यादा अमेरिकेत १९४१ त ठरली: एका ग्रॅमचा एक कोट्यंश. ही मर्यादा ज्यांच्या हाडांच्या तपासणीवरून निघाली, त्यांत त्या तबकड्या रंगविणाऱ्या होत्या. शास्त्राच्या ग्रंथांत तो आकडा राहिला. ज्यांच्या देहांनी तो लिहिला त्या स्त्रिया पुष्कळ काळ विस्मृतीत गेल्या.

त्याच १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका समितीने अणुशक्तीचे लष्करी उपयोग कोणते होतील याची यादी केली. तीत शत्रूच्या मुलखावर विमानांतून किरणोत्सारी द्रव्ये टाकणे हाही एक उपयोग होता. १९४३ त ओपेनहायमर व फर्मी यांच्यात शत्रूचे अन्न किरणोत्सारी स्ट्राँशियमने विषारी करावे काय याविषयी विचारविनिमय झाला. पाच लाख माणसे मारता येतील इतके अन्न दूषित होणार नसेल तर हा उद्योग हाती घेऊ नये, असे मत ओपेनहायमरने पत्रात नोंदविले. एका सुसंस्कृत विद्वानाने लिहिलेले हे वाक्य हिशेबी वहीतील नोंदीसारखे निर्विकार आहे. पुढच्याच वर्षी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना जर्मन लोक असले विष पसरून ठेवतील या भीतीने, दोस्त सैन्याबरोबर किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रे गुप्तपणे तयार ठेवण्यात आली. जर्मनांनी तसे काही केलेले नव्हते. युद्धानंतर अमेरिकेने यूटा प्रांतातील डग्वेच्या वाळवंटात अशा अस्त्रांचे प्रयोग केले, परंतु ती सैन्याच्या नित्य शस्त्रसंभारात कधीच रुजली नाहीत. याचे कारण दया नव्हे. ज्या किरणांनी शत्रू मरावयाचा, ते अस्त्र घडविणाऱ्यास, वाहून नेणाऱ्यास व टाकणाऱ्यासही सोडीत नाहीत. शिवाय द्रव्य वाऱ्यावर पसरले की इतके विरळ होते की रणांगणावर त्याचा तात्काळ परिणाम फारसा दिसत नाही. थोडक्यात, माणसे मारण्याचे साधन म्हणून हे अस्त्र आखूड हाताचे निघाले. भय पसरविण्याचे साधन म्हणून ते केवढे आहे, हे जगास कळावयास आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

दरम्यान किरणोत्सर्गाचे खरे मोजमाप हिरोशिमात सुरू झाले. १९४७ त अमेरिकेने तेथे अणुबाँबपीडितांच्या तपासणीसाठी एक आयोग नेमला. १९७५ पासून ते काम जपान व अमेरिका यांची संयुक्त संस्था करीत आहे. सुमारे १,२०,००० माणसांच्या आयुष्याची नोंद त्यात ठेवली गेली. स्फोटाच्या वेळी कोण कोठे उभा होता, मध्ये भिंत होती की नव्हती, येथपासून त्याच्या मृत्यूच्या कारणापर्यंत सर्व त्यात टिपलेले आहे. रक्ताचा कर्करोग आधी, काही वर्षांतच वाढला. इतर कर्करोग पुढे दशकानुदशके दिसत राहिले. बाँबनंतर जन्मलेल्या पीडितांच्या मुलांत आनुवंशिक विकृतींची वाढ मात्र आढळली नाही, आणि हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. आज जगातील किरणोत्सर्गविषयक बहुतेक नियमांचा पाया हीच नोंद होय. तथापि हिरोशिमाच्या लोकांची त्या आयोगाविषयी एक कडवट तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती: हे लोक आम्हांस तपासतात, पण औषध देत नाहीत. आयोगाचे काम अभ्यासाचे होते, उपचाराचे नव्हते. मोजणारा व भोगणारा यांच्यातील अंतर याहून स्पष्ट शब्दांत कोणी सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

हिंदुस्थानात या प्रश्नाची चर्चा १९५४ पासून पेटली. त्या वर्षी १ मार्च रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरात बिकिनी येथे हायड्रोजन बाँबचा प्रयोग केला. त्याची शक्ती अपेक्षेच्या दुपटीहून अधिक निघाली. दूर समुद्रात मासे धरणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पडली. तीवरील २३ कोळी आजारी पडले व त्यांतील एक सप्टेंबरात वारला. पुढच्याच महिन्यात, २ एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत असे प्रयोग थांबविण्याचा प्रस्ताव मांडला. परंतु केवळ निषेध करून ते राहिले नाहीत. या स्फोटांचे परिणाम काय, याचा शास्त्रीय अभ्यास आपल्याच शास्त्रज्ञांनी करावा असे त्यांनी ठरविले, आणि १९५६ त दौलतसिंह कोठारी यांच्या हातून एक ग्रंथ सिद्ध झाला. त्या कामात डॉ. होमी भाभा व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा हातभार होता.

खानोलकरांविषयी येथे चार शब्द अधिक लिहिणे उचित होईल, कारण मराठी वाचकांस त्यांचे नाव असावे तितके परिचित नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बसून या विकृतिशास्त्रज्ञाने कर्करोगाचा विचार लोकांच्या चालीरीतींशी जोडून केला. धोतर कमरेस घट्ट आवळल्याने जेथे वर्षानुवर्षे घर्षण होते तेथेच उद्भवणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी वर्णन केला आहे. रोगाचे कारण शोधावयाचे तर रोगी काय नेसतो, काय खातो, काय ओढतो हे पाहावे लागते, ही त्यांची दृष्टी. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९५५ मध्ये किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणारी शास्त्रीय समिती स्थापिली, तेव्हा पहिल्या पंधरा सभासद राष्ट्रांत हिंदुस्थान होता, आणि तेथे आपल्या देशाचे प्रतिनिधित्व खानोलकरांनी केले. ज्यांच्या डोक्यावर राख पडत होती, पण ज्यांनी बाँब टाकला नव्हता, अशा राष्ट्रांचा एक मनुष्य मोजणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसला, हे या इतिहासातील एक मोठे वळण आम्ही समजतो. १९६३ त हवेतील अणुस्फोटांवर बंदी घालणारा करार झाला, त्यामागे असल्या मोजमापांचे बळ होते.

त्याच काळी दुसरा एक मराठी भाषी विद्वान निराळाच प्रश्न विचारीत होता. प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे काम करीत. राहत पुण्यास, आणि डेक्कन क्वीनने जा-ये करीत. ती गाडी रोज या उल्हासनगरच्या बराकींशेजारून धावत असे. जागतिक शांततेच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला, अणुशक्तीवर देशाने एवढा खर्च करावा काय अशी शंका जाहीरपणे मांडली, आणि आपल्या देशास सूर्य पुरेसा आहे असे आग्रहाने सांगितले. त्यांचे सर्व म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही. ट्रॉम्बे येथे १९५६ त 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली, आणि तेथून निघालेल्या कोबाल्टादी द्रव्यांनी पुढे कर्करोगाच्या असंख्य रोग्यांवर उपचार झाले, हेही खरे आहे. परंतु निर्णय कोण घेतो व त्याचा भार कोणावर पडतो, हा कोसंबींच्या चिंतनातला प्रश्न आजही जुना झालेला नाही.

आता प्रत्यक्ष मापाकडे वळू. किरणोत्सर्गाची शरीरावरील मात्रा 'मिलिसीव्हर्ट' या एककाने मोजतात. जमीन, आकाश, अन्न व श्वास यांतून जगातील माणसास सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा आपोआप मिळते. छातीचा क्ष-किरण फोटो काढल्यास फार तर ०.१ पडते; सीटी तपासणीत पुष्कळदा ७ ते १०. कारखाने, अणुभट्ट्या इत्यादींपासून सामान्य जनतेस वर्षाकाठी १ हून अधिक मिळू नये आणि या धंद्यातील कामगारांस सरासरी २० हून अधिक मिळू नये, असा नियम आहे. थोड्या वेळात सर्वांगावर सुमारे १,००० पडली तर माणूस आजारी पडू लागतो. ४,००० च्या आसपास पडून उपचार न मिळाले तर निम्मे लोक मरतात. या वरच्या टोकाविषयी शास्त्रज्ञांत वाद नाही. वाद आहे तो खालच्या टोकाविषयी.

नियम करणाऱ्यांनी असे गृहीत धरले आहे की मात्रा कितीही अल्प असली तरी धोका त्या प्रमाणात असतोच. १,००० मिलिसीव्हर्टला शेकडा सुमारे ५ जणांस मारक कर्करोग, तर १० मिलिसीव्हर्टला दहा हजारांत ५. हे गृहीत बरोबर काय? केरळात कोल्लम जिल्ह्याच्या करुनागप्पळ्ळी तालुक्यात किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज आहे, आणि तेथील लोक पिढ्यानुपिढ्या जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट किरणोत्सर्गात राहतात. तेथील जवळजवळ ७०,००० रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षे नजर ठेवून २००९ त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्करोगाची वाढ आढळली नाही. उलटपक्षी फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका येथील अणुउद्योगातील ३,०९,९३२ कामगारांच्या २०२३ त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्प मात्रांतही कर्करोगाचे मृत्यू मात्रेच्या प्रमाणात वाढलेले दिसले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. एकावरून निश्चिंत व्हावे किंवा दुसऱ्यावरून घाबरून जावे, यांपैकी काहीच शहाणपणाचे नाही. एवढे मात्र निश्चित की धोका असलाच तर लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच तो लोकसंख्येच्या ढिगात दडून बसतो.

या दडून बसण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समजा, एखाद्या शहरात असले अस्त्र फुटले व दहा हजार लोकांस प्रत्येकी १० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली. वरील हिशेबाने त्यांपैकी सुमारे ५ जण पुढे कधीतरी त्यामुळे कर्करोगाने मरतील. पण त्या दहा हजारांत एरवीही शेकडो माणसे कर्करोगाने मरणारच आहेत. ते पाच कोण, हे वैद्यांस सांगता येणार नाही, न्यायालयास ठरविता येणार नाही, त्यांच्या बायकामुलांसही कळणार नाही. मोजणारा म्हणेल, 'नगण्य'. आणि आकड्यांच्या दृष्टीने तो खोटे बोलत नसेल. भोगणाऱ्याच्या घरी मात्र नगण्य असे काही नसते. धोका लहान आहे हे निर्भयपणे सांगावे, आणि तो शून्य आहे असे कदापि सांगू नये, ही तारेवरची कसरत जे सरकार व जे शास्त्रज्ञ करू शकतील, त्यांच्यावरच लोक संकटकाळी विश्वास ठेवतील.

असा विश्वास नसला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्रास निराळे सांगावयास नको. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला. तोही असाच न दिसणारा शत्रू होता. सरकारने रोग्यांस बळाने रुग्णालयात नेण्यास आरंभ केला, तेव्हा ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे पुण्यात घरांत शिरून झालेल्या तपासण्यांनी लोक किती क्षुब्ध झाले, आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी कशी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. प्लेग खरा होता, उपायांची गरजही खरी होती. परंतु ज्यांच्या घरांत शिरावयाचे त्यांस विश्वासात घेण्याचे सरकारला सुचले नाही. रोगाने मेलेल्यांची संख्या एकीकडे आणि अविश्वासाने झालेली हानी दुसरीकडे, असे दोन हिशेब मांडावे लागतात. किरणोत्सारी अस्त्राचाही असाच दुहेरी हिशेब आहे.

त्याचे उदाहरण ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ त घडले. तेथे अस्त्र नव्हते, शत्रूही नव्हता. एका सोडून दिलेल्या दवाखान्यात कर्करोगाच्या उपचाराचे यंत्र पडून राहिले होते. दोघांनी ते भंगार म्हणून फोडून नेले व विकले. आत सीझियमची भुकटी होती. ती अंधारात निळी चमके, म्हणून भंगारवाल्याच्या घरी आप्तेष्ट ती कौतुकाने पाहावयास आले, कोणी अंगास चोळली, कोणी घरी नेली. माणसे आजारी पडू लागली तेव्हा त्या भंगारवाल्याच्या पत्नीने ओळखले की दोष या वस्तूचा आहे; तिने ती पिशवीत घालून बसने आरोग्य-कचेरीत नेऊन दिली. डॉक्टर व शास्त्रज्ञ यांच्या आधी त्या बाईने निदान केले, आणि पुढे ती स्वतः मरण पावली. एकूण मृत्यू चार. त्यांत एक सहा वर्षांची मुलगी. दूषित झालेली माणसे २४९. आणि भयाने तपासणीस धावलेली माणसे? सुमारे १,१२,०००! त्या मुलीची शवपेटी शिसे लावून पुरावी लागली, आणि दफनाच्या वेळी जमावाने विरोध करून दगडफेक केली. त्या प्रांताचा माल विकला जाईना. किरणोत्सारी अस्त्र एखाद्या शहरात फुटले तर काय होईल, याचे याहून विश्वसनीय चित्र शास्त्रज्ञांपाशी नाही. मृत्यू मूठभर, दूषित शेकडो, भयभीत लक्षावधी. घरे पाडावी लागणार, माती खरवडून न्यावी लागणार, व्यापार बसणार. हे अस्त्र शरीरापेक्षा समाजाच्या मज्जातंतूंवर घाव घालते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण या अस्त्राइतकी दुसऱ्या कशासही लागू पडत नसेल.

आपल्या देशात हीच गोष्ट दिल्लीस मायापुरी या भंगारबाजारात घडली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले, कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये जुन्या सामानाच्या लिलावात ते विकले गेले. भंगारवाल्यांनी ते तोडले. एप्रिलमध्ये कामगारांची कातडी काळी पडू लागली, केस गळू लागले. अनेकांस रुग्णालयात ठेवावे लागले व एकाचा मृत्यू झाला. आम्हां अध्यापकवर्गास ही घटना विशेष लागण्यासारखी आहे. ज्या खोलीत किरणोत्सर्गाचे पाठ दिले जात, जेथे त्याचे मोजमाप जाणणारे लोक होते, तेथूनच ती वस्तू बाहेर पडली. आणि ज्यास तिचे नावही ठाऊक नव्हते त्याच्या हातांत जाऊन पोचली. विद्वानाच्या कपाटातील विसराळूपणाचे मोल भंगाराच्या दुकानातील मजुराने दिले.

महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करीत जी लोकल गाडी पुढे कर्जतवरून खोपोलीस जाते, त्या खोपोलीच्या एका ओतकारखान्यातील पोलाद २००८ त जगभर चर्चेचा विषय झाले. भंगार वितळविताना त्यात कोबाल्ट-६० मिसळले गेले होते. ते पोलाद विकले गेले, त्याची लिफ्टची बटणे झाली, ती फ्रान्सला गेली, आणि ऑक्टोबरात तेथील कारखान्यात तो प्रकार उघडकीस आला. सुमारे वीस कामगारांस १ ते ३ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली होती. वरच्या हिशेबाने ३ मिलिसीव्हर्टचा धोका दहा हजारांत दीड. फ्रान्समध्ये दर चार मृत्यूंमागे सुमारे एक एरवीच कर्करोगाचा असतो, हे ध्यानात घेता ही भर फारच थोडी. तरीही तेथील सरकारने ती गंभीरपणे घेतली, बटणे काढविली, जाहीर निवेदन केले. आणि ते योग्यच केले. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप असतो व त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा आहे, ही थट्टा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. नाव एकाचे व माल दुसऱ्याचा, हे व्यापारात चालते. कोबाल्टाच्या बाबतीत चालत नाही. प्रत्येक किरणोत्सारी द्रव्य आपली ठराविक खूण किरणांत घेऊन फिरते, ती खोडता येत नाही. मात्र ती वाचण्यास यंत्र लागते. यंत्र फ्रान्समध्ये होते म्हणून फ्रान्सच्या वीस कामगारांची मात्रा आकड्यांत मांडता आली. त्यांच्याआधी तेच पोलाद ओतणारे, कापणारे, घासणारे हात आपल्या इकडचे होते; त्या हातांवरून हे अदृश्य किरण गेले तेव्हा मापकाची टिकटिक ऐकावयास शेजारी कोणी नव्हते.

या सर्व इतिहासावरून आमच्या मते निष्कर्ष असा निघतो. किरणोत्सारी अस्त्राची भीती आपण दूरच्या शत्रूंकडे पाहून बाळगतो. परंतु आजवर अशा द्रव्यांनी जी माणसे अस्त्रावाचून मेली, ती बहुधा आपल्याच रुग्णालयांच्या, कारखान्यांच्या व प्रयोगशाळांच्या विसरलेल्या वस्तूंनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही स्थिती आहे. शत्रूला असले द्रव्य हवे असेल तर तेही याच विसरलेल्या कपाटांतून मिळावयाचे. तेव्हा दोन्ही धोक्यांवर उपाय एकच आहे. देशात आलेल्या प्रत्येक किरणोत्सारी वस्तूचा जन्मापासून अंतापर्यंत हिशेब राहिला पाहिजे. ते काम पाहण्यासाठी १९८३ पासून अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. परंतु मंडळाची वही तेव्हाच खरी ठरेल, जेव्हा प्रत्येक प्राचार्य व प्रत्येक रुग्णालयाचा व्यवस्थापक आपल्या अडगळीच्या खोलीची यादी स्वतः तपासील. जेथे भंगार वितळते तेथे भट्टीच्या तोंडाशी मापकयंत्र हवे. अणुभट्टीतील कामगाराच्या छातीवर मात्रा नोंदणारा बिल्ला असतो. भंगार फोडणाऱ्याच्या छातीवर तो नाही, आणि पिवळ्या पाटीवरील तीन काळ्या पाकळ्यांची खूण त्यास कोणी शिकविलेली नाही. ही खूण कॅम्प नंबर एकच्या गल्लीतील भंगारवाल्यास ओळखता येणे, हे एखाद्या मोठ्या परिषदेतील ठरावाइतकेच राष्ट्रसंरक्षणाचे काम होय.

आणि दुर्दैवाने तसा प्रसंग आलाच तर करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. अनोळखी धातूच्या वस्तूस हात लावू नये. जवळच्या पक्क्या इमारतीत जावे, दारेखिडक्या लावून घ्याव्यात, वरचे कपडे काढून पिशवीत बांधून दूर ठेवावेत, साबणाने अंग व केस धुवावेत. अंगावरील दूषित धुळीचा बहुतांश भाग कपड्यांबरोबरच जातो. जखमी माणसास आधी उपचार द्यावेत. त्याच्या अंगावरच्या धुळीच्या भयाने त्यास टाकून पळू नये. यांतील कोणत्याही गोष्टीस विज्ञानाची पदवी लागत नाही. लागते ती ही माहिती घरोघर आधीच पोचलेली असण्याची. कारण संकटाच्या घटकेस प्रथमच ऐकलेली सूचना हुकुमासारखी वाटते, आणि आधीपासून ठाऊक असलेली सूचना स्वतःच्या शहाणपणासारखी वाटते.

मापे करणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे व ते त्यांनीच करावे. परंतु माप कोणासाठी करावयाचे, हा प्रश्न शास्त्रज्ञांवर सोपवून सुशिक्षित समाजास मोकळे होता येत नाही. तबकड्या रंगविणाऱ्या मुली, राखेखाली सापडलेले कोळी, गोयानियाची ती बाई आणि मायापुरीचा तो मजूर यांपैकी कोणासही मापकयंत्राचा काटा वाचून दाखविणारा मनुष्य वेळेवर भेटला नाही. तसा मनुष्य बनणे हेच आपल्या शिक्षणाचे प्रयोजन आहे, असे आम्हांस वाटते.